ट्रॉलीवरचा बाण

दुपारी तीन ते पाच वियामेदात कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. गाव जेवतं, खिडक्यांच्या फळ्या ओढून घेतं आणि आडवं होतं. ओब्दुलियाने ही वेळ मुद्दाम निवडली होती. डोक्यावर गवताची टोपी, काखेत धुण्याची टोपली, टोपलीत ओली चादर आणि चादरीखाली पिवळ्या रंगाचा डबा. कुणी भेटलंच तर चादर वाळत घालायला निघालेय म्हणून सांगायचं ठरलं होतं. घराला एवढं मोठं परसदार असताना चादर गावाबाहेर दीड किलोमीटरवर का वाळत घालायची, याचं उत्तर मात्र तिने तयार ठेवलं नव्हतं. त्र्याहत्तराव्या वर्षी माणसाला कुणी इतकं खोदून विचारत नाही, असा तिचा अनुभव होता.

तिला चार दिवसांत बारा माणसं हवी होती. साधीसुधी नव्हेत, सांतियागोच्या तीर्थाला पायी निघालेली, पाठीवर बोचकं आणि बोचक्यावर यात्रेकरूची खूण म्हणून शिंपला बांधलेली.

सांतियागोची वाट वियामेदातून जाते म्हणूनच वियामेदा नकाशावर आहे. चर्चच्या मागचं पाद्र्याचं जुनं घर म्हणजे धर्मशाळा. त्याची किल्ली गेली सत्तावीस वर्षं ओब्दुलियाकडे आहे, दार उघडलं की ती तिथल्याच दाराआडच्या खिळ्यावर असते. आत दुमजली लोखंडी खाटा, एक लांब टेबल, दोन बाकं आणि एकच न्हाणीघर. राहायचं एक रात्र, सकाळी आठला बाहेर. दुसरी रात्र फक्त आजाऱ्याला, आणि आजारी कोण हे ओब्दुलिया ठरवणार. एकदा एक इटालियन गृहस्थ तिच्या लसणाच्या सूपपायी लंगडू लागले. पहिल्या दिवशी डाव्या पायाने लंगडले, दुसऱ्या दिवशी उजव्या. तिने त्यांना वाडगाभर सूप जास्त दिलं, त्यांची काठी हातात दिली आणि वाटेला लावलं.

तिचे नियम भिंतीवर लिहिलेले नाहीत. बूट बाहेर, हा पहिला. सूप आठ वाजता, हा दुसरा. घोरणाऱ्यांनी आतल्या खोलीत निजायचं हा तिसरा, पण तो ती कुणाला सांगत नाही. दारात माणूस उभा राहिला की त्याच्या मानेकडे एक नजर टाकायची आणि "तुम्ही आतल्या खोलीत, तिकडे गार वारं आहे" म्हणायचं. आतल्या खोलीला खिडकीच नाही. चौथा नियम न्हाणीघराचा. त्याची कडी तुटून अकरा वर्षं झाली, म्हणून आत गेलेल्याने बाहेर येईपर्यंत गात राहायचं. गाणं थांबलं की बाहेरच्याने दार ढकलावं. या एका नियमामुळे ओब्दुलियाने सगळ्या जगाची गाणी ऐकली आहेत. नॉर्वेचे लोक दुःखी गातात आणि साबण फार वापरतात, असं तिचं मत आहे.

तर सगळं बरं चाललं होतं. मग दोन वर्षांपूर्वी वरच्या लोकांनी कालव्याच्या काठाने नवी वाट आखली. गावाच्या अलीकडे दगडी क्रूस आहे, तिथे फाटा फुटतो. उजवीकडची जुनी वाट उन्हातून, गव्हाच्या कापलेल्या रानातून वियामेदाला येते. डावीकडची नवी वाट पॉप्लरच्या झाडांच्या सावलीतून थेट पुढच्या मोठ्या गावी जाते, जिथे पोहायचा तलाव आहे आणि बटाट्याचे काप तळून मिळतात. फाट्यावर निळा, चकचकीत फलक लागला. जुन्या वाटेचे पिवळे बाण ओब्दुलियाने आणि तिच्या नवऱ्याने, तेओफिलोने, रस्त्याच्या कामातून उरलेल्या रंगाने कधीकाळी काढले होते. ते ऊनपावसाने जाऊन आता फक्त तिलाच दिसत होते.

जुलैमध्ये फादर एलादिओ आले. अकरा गावांची अकरा चर्चेस एकटे सांभाळणारा हा माणूस कायम घाईत असतो. आशीर्वादसुद्धा गाडीची किल्ली धरलेल्या हातानेच देतो.

"ओब्दुलिया, काल किती जण होते?"

"एक."

"परवा?"

"परवा तोच. त्याला ताप होता."

फादरने रिकाम्या खाटांकडे पाहिलं. "बिशपच्या कचेरीला हे घर खुर्च्या आणि मूर्ती ठेवायला हवंय. रिकाम्या खाटा मी कुणाच्या नावावर राखून ठेवू, सांग. सोळा ऑगस्टला, गावच्या सान रोकेच्या सणाला मी पूजेला येणारच आहे. त्या संध्याकाळी हे टेबल भरलेलं दिसलं तर किल्ली तुझी. नाही तर जाताना मी घेऊन जाईन."

"टेबलाला बारा माणसं लागतात."

"येशूलाही बाराच लागली होती," फादर म्हणाले आणि गाडीत बसले.

ओब्दुलियाने महिनाभर विचार केला. प्रार्थनाही केली, पण सान रोकेची मूर्ती तिने इतक्यांदा पुसली आहे की त्याच्याकडे काही मागताना तिला सुनेकडे मागितल्यासारखा संकोच होतो. शेवटी ती माळ्यावर चढली. तेओफिलोचा रंगाचा डबा होता. वर साय धरली होती, खाली रंग जिवंत होता.

क्रूसापाशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की बाण काढायला जागाच नाही. क्रूसावर काढणं पाप. निळ्या फलकावर काढणं गुन्हा. आजूबाजूला भिंत नाही, झाड नाही, दगड म्हणावेत तर बटाट्याएवढे. होती ती फक्त सातुरिओची ट्रॉली.

सातुरिओ म्हणजे तिचा धाकटा दीर. अडुसष्ट वर्षांचा, बिनलग्नाचा, दोनशे मेंढ्यांचा मालक. कालव्याकाठी मेंढवाड्याशेजारी एकटा राहतो. त्याची ही जुनी लोखंडी ट्रॉली चार वर्षं फाट्यावर बसकण मारून होती. चाकं जमिनीत रुतलेली, दांड्यावर काटेरी वेल. गावात रस्ता सांगताना लोक "ट्रॉलीपाशी वळा" म्हणायचे, इतकी ती तिथली झाली होती. मागची फळी सपाट, दारापेक्षा मोठी, आणि बरोबर येणाऱ्याच्या तोंडावर.

दिराशी तिचं बोलणं नव्हतं. तेओफिलो गेल्यावर नवव्या दिवशी एक डच माणूस धर्मशाळेत आला. त्याच्या बुटांचे तळवे बाजूला लोंबत होते. ओब्दुलियाने तेओफिलोचे बूट, नवेच म्हणावे असे, त्याला दिले. दहाव्या दिवशी सातुरिओ ते बूट मागायला आला. भावाची एवढी एकच वस्तू त्याला हवी होती. तेव्हापासून अकरा वर्षं तो दर नाताळला तिच्या खिडकीत चीज ठेवतो आणि ती दर नाताळला ताटली धुऊन त्याच्या कुंपणावर ठेवते. मधे शब्द नाही.

तरी ट्रॉली ती ट्रॉली. ओब्दुलियाने टोपी मागे सारली आणि डाव्या हाताने बाण काढायला घेतला. ती डावरी आहे, त्यामुळे तिच्या बाणाचं खालचं पातं नेहमी वरच्यापेक्षा लांब होतं. हा बाण तिच्या खांद्याइतका उंच झाला. टोक उजवीकडे, वियामेदाच्या दिशेने. रंग थोडा ओघळला. ती चार पावलं मागे गेली, मान तिरकी केली आणि समाधानाने म्हणाली, "आंधळ्यालासुद्धा दिसेल."

दिसला. तेराव्या तारखेला पाच जण आले. चौदाव्याला आठ. पंधराव्याला नऊ, त्यात बेल्जियमचे दोघे भाऊ, जे न्हाणीघरात दोन आवाजांत गायले आणि गरम पाणी संपवून बाहेर आले. ओब्दुलियाने शेजारणीकडून दोन बश्या आणल्या, शिळा पाव जमवला, लसणाच्या माळा उतरवल्या. सोळाव्याला बारा होणार यात तिला शंका उरली नव्हती.

सोळाव्याला सान रोकेची मिरवणूक निघाली. सान रोके, पायाशी त्याचा लाकडी कुत्रा, आणि मागे उरलेलं सगळं गाव, म्हणजे एकोणीस माणसं. पूजा झाली, अंगणात वाइन झाली, गोड पाव झाला. सातुरिओ आला नव्हता, पण तो कधीच येत नाही. जेवून गाव आडवं झालं. फादर एलादिओ धर्मशाळेच्या एकुलत्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपले.

टेबलावर बारा बश्या, बारा चमचे, बारा पेले. ओब्दुलिया दारात उभी राहिली. चार वाजले. एरवी एव्हाना पहिला यायचा. पाच वाजले. बुटांच्या फळीवर एक मांजर येऊन बसलं. साडेपाचला फादर जागे झाले, टेबलाकडे पाहिलं आणि मग घड्याळाकडे. ते काही बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"वाट उन्हाची आहे," ती म्हणाली.

"हो."

"सावकाश येतात."

"मी आठपर्यंत आहे, ओब्दुलिया. नऊला मला पुढच्या गावात बाप्तिस्मा द्यायचा आहे."

तिने सुपाखालचा जाळ बारीक केला, टोपी घातली आणि निघाली. गुडघे दोन, तक्रारी चार. पण दीड किलोमीटर तिने असा कापला की स्वतःचंच तिला आश्चर्य वाटलं. क्रूसापाशी पोचली आणि बघते तर ट्रॉली नाही.

जिथे ट्रॉली होती तिथे पिवळ्या पडलेल्या गवताचा लांबट चौकोन होता आणि त्यात दोन गोगलगायी, त्याही तिच्यासारख्याच भांबावलेल्या. चाकांचा ताजा माग डावीकडे, कालव्याच्या वाटेला वळला होता. ओब्दुलिया त्या चौकोनाकडे बघत राहिली. गेली पन्नास वर्षं चुलीवरून भांडं उतरवण्याआधी ती भांड्याला हात लावून बघत आली होती. आणि बाण काढताना मात्र ज्यावर काढतोय त्याला चाकं आहेत, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

ती माग धरून गेली. पॉप्लरची सावली खरोखरच छान होती, आणि त्याचा तिला रागच आला.

किलोमीटरभर गेल्यावर ट्रॉली दिसली. वाटेच्या कडेला, निम्मी पेंढ्याने भरलेली, पाठ येणाऱ्याकडे. आणि तिच्या पाठीवरचा तो खांद्याएवढा पिवळा बाण अगदी ठामपणे उजवीकडे दाखवत होता, सातुरिओच्या मेंढवाड्याकडे.

अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली यात्रेकरू बसले होते. तिने मोजले, चौदा. मेंढ्यांच्या पाण्याच्या लांब डोणीत पायांची रांग लागली होती आणि पलीकडून मेंढ्या तेच पाणी शांतपणे पीत होत्या. मधे सातुरिओ, मांडीवर चीजचं चाक, हातात सुरी. अकरा वर्षांत त्याचं पोट वाढलं होतं. तिने ते पाहून घेतलं.

"आलीस, वहिनी?" तो म्हणाला, जणू सकाळीच भेटले होते. "बरं झालं. ही माणसं माझ्याकडे का येतायत, तेवढं सांग."

"मला काय विचारतोस. तुझं अंगण आहे."

"पहिली अकरा वाजता आली. ती बघ, टोपीवाली, कोरियाची. आली, बूट काढले, दाराबाहेर नीट ठेवले आणि मला एक पुस्तिका दिली. म्हणे शिक्का. माझ्याकडे मेंढ्यांवर मारायचा निळा शिक्का आहे, तो मारला. तिला फार आवडला. मग सगळ्यांनी मारून घेतला."

"सातुरिओ, त्या पुस्तिकेत दर मुक्कामाच्या धर्मशाळेचा शिक्का असतो, तिथे तू मेंढीचा शिक्का मारलास?"

"मेंढीचा नाही, माझा. मेंढीवर असतो एवढंच." त्याने चीजचा काप कापून सुरीच्या टोकावर तिच्यापुढे धरला. तिने घेतला. "तर मी म्हटलं, बघू तरी येतात कुठून. मागे जाऊन ट्रॉली पाहिली. दुसऱ्या ट्रॉलीचा आस मोडला, म्हणून सकाळी हिच्यात हवा भरून पेंढा आणायला नेली होती. पाठीकडे मी कशाला बघतोय. बाण कुणी काढला, वहिनी?"

"सान रोकेने काढला असेल. आज त्याचाच दिवस आहे."

"असेल. पण सान रोके डावरा कधीपासून झाला?"

ओब्दुलिया चीज चावत राहिली. चीज चांगलं होतं, त्यामुळे चावायला वेळ लागला.

"खालचं पातं लांब," सातुरिओ म्हणाला. "जुन्या वाटेवरच्या माझ्या रानाच्या खांबावर तुझा एक बाण होता. रंग गेला तरी मला ठाऊक आहे."

मग तिने सगळं सांगितलं. फादर, खुर्च्या आणि मूर्ती, बारा बश्या, आठ वाजेपर्यंतची मुदत. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, डोणीतल्या पायांकडे बघत होती. तिसऱ्याच्या टाचेवर फोड होता आणि पाणी निघून जायला त्यातून दोरा ओवायला हवा होता.

"म्हणजे तुला माझी चौदा माणसं हवीत," सातुरिओ म्हणाला.

"तुझी?"

"माझ्या अंगणात आहेत. माझं चीज खाल्लंय. शिक्का माझा." त्याने सुरी पँटीला पुसली. तो मजा घेत होता आणि ते लपवायची तसदीही घेत नव्हता. "देतो. पण एक गोष्ट बोलून दाखव. बूट दिलेस ते चुकलं, असं म्हण."

मेंढ्या पाणी पीत होत्या. बेल्जियमच्या भावांसारखेच दिसणारे कुणीतरी दोघे पेंढ्यावर घोरत होते. ओब्दुलियाने सवयीने त्यांच्या मानांकडे पाहिलं आणि मनातल्या मनात त्यांना आतल्या खोलीत टाकलं.

"बूट दिले ते चुकलं नाही," ती म्हणाली. "त्या माणसाला बूटच नव्हते. तेओफिलोने पायातले काढून दिले असते, तुला माहीत आहे."

सातुरिओने सुरी मिटून खिशात टाकली.

"तुला न विचारता दिले, ते चुकलं. एक दिवस थांबायला हवं होतं. तेवढं मी चुकले."

त्याने ते ऐकून घेतलं आणि चीजचं चाक फडक्यात बांधू लागला. गाठ मारायला त्याला गरजेपेक्षा जास्त वेळ लागला. मग उठून म्हणाला, "चला रे, उठा. सूप आहे." त्यातला एकही शब्द कुणाला कळला नाही आणि सगळे उठले.

पेंढा उतरवायला वेळ नव्हता. सातुरिओने ट्रॅक्टर जोडला आणि पेंढ्यावर बसा म्हणून खुणेने सांगितलं. कोरियाच्या बाईने लगेच एक पाय उचलला.

"खाली," ओब्दुलिया म्हणाली. "चाकावर आलेल्याला धर्मशाळेत शिक्का नाही."

"अगं, सात वाजून गेले," सातुरिओ म्हणाला.

"मग बैलाच्या चालीने चालव. ही माणसं मागून येतील."

"तू तरी चढ. गुडघे बघ तुझे."

"मी चढले आणि यांना चालवलं, तर सूप कुणी खाणार नाही."

असा तो लवाजमा निघाला. पुढे ट्रॅक्टर, मग पेंढा, मग पिवळा बाण, मागे चौदा यात्रेकरू आणि त्यांच्यात ओब्दुलिया, कुणीतरी हातात दिलेली काठी टेकत. सत्तावीस वर्षं तिने लोकांचे फोड शिवले, पण वाटेवर त्यांच्याबरोबर ती कधी चालली नव्हती. अडचण एकच होती. बाण उजवीकडे दाखवत होता आणि या माणसांना महिनाभर बाण पाळायची सवय लागली होती. दर शेतवाटेला कुणीतरी आज्ञाधारकपणे उजवीकडे वळायचं आणि ओब्दुलियाला काठी उगारून त्याला परत आणावं लागायचं. एक पोलंडचे मास्तर तर सूर्यफुलांत पार दिसेनासे झाले होते.

आठला पाच मिनिटं कमी असताना ट्रॅक्टर धर्मशाळेसमोर येऊन थांबला. फादर एलादिओ गाडीच्या दाराशी उभे होते. त्यांच्या हातात दोन किल्ल्या होत्या, एक गाडीची आणि एक लांब, लोखंडी. दाराआडच्या खिळ्यावरची ती काढून त्यांनी घेतलीच होती. त्यांनी ट्रॅक्टर पाहिला, पेंढा पाहिला, माणसं पाहिली. माणसं एकेक करून बूट काढत होती. मांजराला फळीवरून उठावं लागलं.

बारा जण बाकांवर बसले. दोन उरले. फादरने आपली खुर्ची एकाला दिली, कोरियाच्या बाईने उलटी बादली घेतली. लसणाचा वास रस्त्यापर्यंत आला. फादर बाहेर येऊन ट्रॉलीमागे उभे राहिले आणि बराच वेळ तो बाण वाचत राहिले, लांब वाक्य असावं तसा.

"हा कुणी काढला?"

"मी," सातुरिओ म्हणाला. "ट्रॉली माझी, बाण माझा."

"डाव्या हाताने?"

"उजवा दुखत होता."

ओब्दुलिया दारात वाडगे घेऊन उभी होती. तिने सान रोकेचं नाव घेतलं, पण तोंड बंद ठेवून.

"ही ट्रॉली उद्यापासून कुठे असणार, सातुरिओ?" फादरने विचारलं.

"उद्या परत नेताना क्रूसापाशी टायर फुटणार आहे."

"उद्या?"

"सकाळी दहाच्या सुमारास. मग दुरुस्तीला वेळ लागेल. मागच्या वेळी चार वर्षं लागली."

फादरने मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी हे कळणार नाही अशी. आत गेले, लोखंडी किल्ली खिळ्यावर अडकवली, उभ्या उभ्या वाडगाभर सूप प्यायले आणि जीभ भाजून बाप्तिस्म्याला निघाले.

सातुरिओ आत येऊ लागला तशी ओब्दुलियाने त्याला उंबऱ्यावर अडवलं. "बूट बाहेर."

त्याने बूट काढले आणि चौदा जोड्यांच्या शेवटी ठेवले.

"आणि आधी अंघोळ. मेंढ्यांच्या वासात माझं सूप कुणाला गोड लागायचं नाही. कडी तुटलेली आहे, गात राहायचं."

"मी गात नाही."

"मग कुणीतरी दार ढकलेल. कोरियाच्या बाई रांगेत आहेत."

सातुरिओ आत गेला. पाण्याचा आवाज सुरू झाला, नुसताच. कोरियाच्या बाईने टॉवेल खांद्यावर टाकला, कान दिला आणि दारावर हात ठेवला. तेवढ्यात आतून आवाज आला. जाड, गंजका, पहिल्या ओळीत दोनदा अडखळलेला. कापणीच्या वेळी तेओफिलो म्हणायचा तेच गाणं. टेबलावर चमचे थांबले. ओब्दुलिया सातुरिओचा वाडगा भरत होती, तो भरून सांडू लागल्यावर तिच्या लक्षात आलं.

"थांबू नकोस रे," ती दाराकडे बघून ओरडली. "अजून साबण राहिलाय."